किकांबा भाषेत मोजावे कसे: नामासह संख्या शिकण्याचा मार्ग

केनियाची राजधानी नैरोबी हिच्या आग्नेयेस आणि पूर्वेस माचाकोस, मकुएनी आणि किटुई या तीन परगण्यांत पसरलेल्या प्रदेशाला उकांबानी म्हणतात. तेथील अकांबा लोकांची भाषा म्हणजे किकांबा. २०१९ च्या जनगणनेत केनियात सुमारे ४६ लाख ६० हजार लोकांनी स्वतःची नोंद कांबा अशी केली होती. ही भाषा बांटू कुळातली असून किकुयू, एम्बू आणि मेरू या भाषा तिच्या सख्ख्या बहिणी आहेत. नोकरीधंद्यामुळे केनियात राहणारी मराठी माणसे बहुधा स्वाहिली शिकतात आणि तेवढ्यावर काम भागतेही. परंतु माचाकोसच्या बाजारात टोपल्या विकणाऱ्या बाईशी तिच्या भाषेत दहापर्यंत जरी मोजता आले, तरी बोलण्याला वेगळी जवळीक येते.

परक्या भाषेतले आकडे आपण सहसा एक ते शंभर अशी यादी पाठ करून शिकतो. किकांबाच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते, कारण तेथे पहिल्या पाच संख्या ज्या नामाशी जोडल्या जातात त्याप्रमाणे आपले रूप बदलतात आणि यादीतले रूप त्यांपैकी केवळ एक असते. म्हणून या लेखात यादी लवकर आटोपली असून खरा भर नामासह मोजण्यावर दिला आहे.

आधी लेखनाविषयी

किकांबा रोमन लिपीत लिहितात. तिच्यात सात स्वर आहेत आणि पाच रोमन स्वराक्षरांत ते मावत नाहीत, म्हणून त्यांपैकी दोन स्वर ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या अक्षरांवर लहरीसारखी खूण करून दाखवतात. खूण असलेला इ हा आपल्या ‘ए’च्या जवळ जातो आणि खूण असलेला उ हा ‘ओ’च्या जवळ. या लेखात मी पुढील संकेत पाळला आहे: खूण असलेले स्वर ऱ्हस्व इ आणि ऱ्हस्व उ यांनी दाखवले आहेत, तर खूण नसलेले साधे स्वर दीर्घ ई आणि दीर्घ ऊ यांनी. त्यामुळे मराठीत शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा नियम येथे जाणूनबुजून बाजूला ठेवावा लागला आहे. ‘इम्वे’ असे दिसले की उच्चार ‘एम्वे’कडे झुकवावा आणि ‘इकुमी’ असे दिसले की ‘एकोमी’कडे. ए आणि ओ अशी अक्षरे दिसतील तेथे मात्र तोंड नेहमीपेक्षा थोडे अधिक उघडावे, म्हणजे हे स्वर एकमेकांत मिसळणार नाहीत.

हा भेद केवळ नावापुरता नाही. ‘ईलि’ आणि ‘इलि’ ही दोन्ही ‘दोन’चीच रूपे आहेत, परंतु पहिले शेळ्यांना लागते आणि दुसरे झाडांना. मोबाइलवर लिहिताना अनेक जण ती खूण गाळतात आणि दोन्ही शब्द सारखेच दिसू लागतात. नव्या शिकाऱ्याने आपल्या वहीत तरी ती गाळू नये.

दोन व्यंजनांकडेही लक्ष द्यावे. ‘थ’ लिहिलेल्या ठिकाणी आपला महाप्राण थ नसून, जिभेचे टोक वरच्या दातांपाशी ठेवून घर्षणाने काढलेला ध्वनी आहे. ‘झ’ मात्र आपल्या ‘झाड’मधल्या झसारखा म्हटला तरी समजतो. याखेरीज किकांबात स्वरांचे चढउतार अर्थ बदलतात, पण ते लिहून दाखवत नाहीत. ते ऐकूनच उचलावे लागतात.

पहिली पायरी: एक ते दहा

वस्तू नजरेसमोर नसताना नुसते मोजायचे असेल तर क्रम असा आहे: इम्वे (१), ईलि (२), ईतातु (३), ईन्या (४), ईतानो (५), थांथातु (६), मुओंझा (७), न्यान्या (८), केंडा (९), इकुमी (१०). पाचमधला ‘ता’ लांबवून म्हणतात आणि म्हणून काही जण तो आ दोनदा लिहितात. आठमधल्या पहिल्या ‘न्या’चेही तसेच.

पाठांतरासाठी शब्दांच्या घडणीचा आधार घेता येतो. थांथातु हा तीनच्या ‘तातु’चा दुणावलेला अवतार आहे, म्हणजे तीन आणि तीन, न्यान्या हा चारच्या ‘न्या’चा, म्हणजे चार आणि चार. सहा आणि आठ असे सुटले की स्वतंत्रपणे लक्षात ठेवायला सात आणि नऊ एवढेच उरतात. स्वाहिली येणाऱ्यांना येथे एक अडचण जाणवेल. एक ते पाच आणि दहा या संख्या दोन्ही भाषांत ओळखीच्या वाटतात, परंतु स्वाहिलीने सहा, सात आणि नऊ यांसाठी सीता, साबा आणि तीसा हे अरबी शब्द स्वीकारले आहेत. वीसपासूनचे दशक, शंभर आणि हजार यांचेही शब्द तिने अरबीतूनच घेतले. किकांबाने मात्र या सर्व ठिकाणी बांटू शब्द टिकवले आहेत, त्यामुळे स्वाहिलीच्या ज्ञानावर विसंबून पाचाच्या पुढे जाता येत नाही.

दुसरी पायरी: नामाबरोबर मोजणे

या पायरीला सर्वांत अधिक वेळ द्यावा. किकांबात नाम आधी येते आणि संख्या नंतर. आपण ‘एक माणूस’ म्हणतो, ते म्हणतात ‘मुंडु उम्वे’. मुंडु म्हणजे माणूस, आणि उम्वे हे ‘एक’चे माणसाला लागणारे रूप. माणसे दोन झाली की ‘आंडु एलि’, तीन झाली की ‘आंडु आतातु’, चार ‘आंडु आना’, पाच ‘आंडु आतानो’. सहावर येताच हा बदल थांबतो: ‘आंडु थांथातु’, ‘आंडु मुओंझा’, ‘आंडु न्यान्या’, ‘आंडु केंडा’, ‘आंडु इकुमी’.

यामागचे तत्त्व असे की एक ते पाच या संख्या विशेषणासारख्या वागतात आणि नामाच्या वर्गाचा उपसर्ग धारण करतात, तर सहाच्या पुढच्या संख्या कोणापुढेही झुकत नाहीत. मराठी माणसाला हे वाटते तितके परके नाही. आपणही ‘दोघे भाऊ’, ‘दोघी बहिणी’, ‘तिघे’, ‘तिघी’, ‘चौघे’, ‘चौघी’ असे माणसांच्या लिंगाप्रमाणे संख्या बदलतो आणि पाचाला पोचलो की ‘पाच जण’ म्हणून मोकळे होतो. आपल्याकडे ही सीमा चारवर आहे आणि केवळ माणसांपुरती आहे. किकांबात ती पाचवर आहे आणि शेळ्या, झाडे, टोपल्या, दिवस या सगळ्यांना लागू आहे.

बांटू भाषांत नामांचे वर्ग असतात आणि वर्ग ओळखायचा तो नामाच्या आरंभावरून, एकवचन व अनेकवचन यांची जोडी पाहून. सर्व वर्ग एकाच वेळी शिकण्याचा अट्टहास करू नये. रोजच्या मोजणीसाठी पुढील काही जोड्या पुरेशा आहेत.

माणसांचा वर्ग वर आलाच: मुंडु, आंडु. त्याची खूण म्हणजे अनेकवचनी ‘आ’, आणि तोच ‘आ’ आतातु, आना, आतानो यांच्या आरंभी दिसतो. दोनमध्ये तो पुढच्या स्वरात मिसळून ‘एलि’ होतो.

दुसरा वर्ग झाडांचा. मुति म्हणजे झाड, मिति म्हणजे झाडे. एक झाड ‘मुति उम्वे’, दोन झाडे ‘मिति इलि’, तीन ‘मिति इतातु’, चार ‘मिति इना’, पाच ‘मिति इतानो’. याच वर्गात दिवस येतो: मुथेन्या म्हणजे दिवस, मिथेन्या म्हणजे अनेक दिवस, म्हणून तीन दिवस ‘मिथेन्या इतातु’ आणि सात दिवस ‘मिथेन्या मुओंझा’. वर्षही येथेच आहे: म्वाका, अनेकवचनी म्याका. वय आणि मुदत सांगताना हा वर्ग सतत लागतो, म्हणून माणसांनंतर तोच पक्का करावा.

तिसरा वर्ग गुराढोरांचा. शेळीला म्बुई म्हणतात. शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो, आणि म्हणून शेळी एक की अनेक हे संख्येवरूनच कळते: ‘म्बुई इम्वे’, ‘म्बुई ईलि’, ‘म्बुई ईतातु’, ‘म्बुई ईन्या’, ‘म्बुई ईतानो’. वाचकाच्या लक्षात आले असेल की नुसत्या मोजणीच्या यादीतली रूपे नेमकी हीच आहेत. ज्याला आपण किकांबाचे ‘मूळ आकडे’ समजतो ते वस्तुतः या एका वर्गाचे आकडे आहेत, आणि यादी पाठ करून बाजारात गेलेला माणूस प्रत्येक गोष्ट शेळ्यांसारखी मोजत राहतो. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण भाषा बिघडते. चारकडे विशेष लक्ष द्यावे: शेळ्यांना ईन्या, झाडांना इना, माणसांना आना.

चौथा वर्ग वस्तूंचा. किंडु म्हणजे वस्तू, अनेकवचन स्यिंडु. कांबा स्त्रिया ज्या विणीच्या टोपल्यांसाठी प्रसिद्ध आहेत, त्या टोपलीचे नाव क्योंडो, आणि अनेक टोपल्या म्हणजे स्योंडो, हे याच वर्गातले शब्द. एक टोपली ‘क्योंडो किम्वे’. तीन टोपल्या ‘स्योंडो ईतातु’. सहा टोपल्या ‘स्योंडो थांथातु’. अनेकवचनी रूपे शेळ्यांच्या वर्गासारखीच असल्यामुळे येथे नव्याने शिकायचे ते केवळ ‘किम्वे’.

मूल या शब्दाची चाल निराळी आहे. एक मूल म्हणजे म्वाना, आणि ते माणसांच्या वर्गात. अनेक मुले म्हणजे स्याना, आणि ती वस्तूंच्या अनेकवचनी वर्गात जातात. म्हणून ‘तीन मुले’ सांगताना आतातु नव्हे, तर ‘स्याना ईतातु’. लहानग्यांविषयी लाडाने बोलताना काना, त्वाना अशीही जोडी आहे आणि तिची रूपे ‘काना काम्वे’ (एक), ‘त्वाना तुतातु’ (तीन), ‘त्वाना तुना’ (चार) अशी होतात.

सरावाची माझी शिफारस अशी आहे. एका वेळी एकच वर्ग घ्यावा, त्यातली रोज दिसणारी दोन नामे निवडावीत आणि एक ते सहा मोठ्याने मोजावे. सहापर्यंत जाणे आवश्यक आहे, कारण पाचला उपसर्ग लावल्यानंतर सहाला तो न लावण्याची सवय जिभेला तेथेच होते. एक वर्ग सहज येऊ लागल्यावर दुसरा घ्यावा आणि मग दोन्ही आलटून-पालटून म्हणावेत: आंडु एलि, मिति इलि, आंडु आतातु, मिति इतातु.

तिसरी पायरी: अकरा ते नव्व्याण्णव

येथे मराठी भाषकाला सुटकेचा अनुभव येईल. आपल्याकडे नव्व्याण्णवपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, एकोणतीस आणि एकोणसाठ यांत पुढच्या दशकातून एक वजा करावा लागतो. किकांबात असे काही नाही. दहाला ‘ना’ (आणि) लावून एकक जोडला की काम झाले: इकुमी ना इम्वे म्हणजे अकरा, इकुमी ना ईतातु म्हणजे तेरा, इकुमी ना केंडा म्हणजे एकोणीस.

वीसपासून दहासाठी वेगळा शब्द येतो. ‘इकुमी’ बाजूला राहतो आणि दशकांसाठी ‘मिओंगो’ वापरतात: मिओंगो इलि (२०), मिओंगो इतातु (३०), मिओंगो इना (४०), मिओंगो इतानो (५०), मिओंगो थांथातु (६०), मिओंगो मुओंझा (७०), मिओंगो न्यान्या (८०), मिओंगो केंडा (९०). मिओंगो हे नाम झाडांच्या वर्गातले आहे, म्हणूनच त्याच्यापुढे ईलि नव्हे तर इलि, आणि ईन्या नव्हे तर इना येते. दुसरी पायरी नीट झाली असेल तर हे वेगळे शिकण्याची गरज राहत नाही. सदतीस म्हणजे ‘मिओंगो इतातु ना मुओंझा’, अठ्ठेचाळीस म्हणजे ‘मिओंगो इना ना न्यान्या’.

आता या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जोडसंख्येत दशकाचा आकडा मिओंगोशी जुळतो, पण एककाचा आकडा मोजल्या जाणाऱ्या नामाशी जुळतो. बावीस ही संख्या घेऊन पाहा. बावीस माणसे: ‘आंडु मिओंगो इलि ना एलि’. बावीस शेळ्या: ‘म्बुई मिओंगो इलि ना ईलि’. बावीस झाडे: ‘मिति मिओंगो इलि ना इलि’. तिन्हींत पहिले ‘इलि’ अढळ आहे, कारण ते दोन दहांचे आहे. शेवटचे मात्र माणूस, शेळी आणि झाड यांच्यामागून जाते. त्याच न्यायाने बारा वर्षे ‘म्याका इकुमी ना इलि’ आणि बारा माणसे ‘आंडु इकुमी ना एलि’. एकक सहा ते नऊ असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही: सत्तावीस माणसे, सत्तावीस शेळ्या, दोन्हींना ‘मिओंगो इलि ना मुओंझा’.

चौथी पायरी: शंभर आणि हजार

शंभरला इआना म्हणतात आणि त्याचे अनेकवचन माआना. या अनेकवचनाला माणसांसारखीच रूपे लागतात: माआना एलि (२००), माआना आतातु (३००), माआना आना (४००), माआना आतानो (५००), आणि पुढे माआना थांथातु (६००). हजार म्हणजे न्गीली, आणि तो शेळ्यांच्या वर्गाप्रमाणे चालतो: न्गीली इम्वे, न्गीली ईलि, न्गीली ईतातु. मोठी संख्या सांगताना मोठ्याकडून लहानाकडे यावे आणि प्रत्येक टप्प्यावर ‘ना’ घालावा. एकशे पंचवीस म्हणजे ‘इआना ना मिओंगो इलि ना ईतानो’. २०१९ म्हणजे ‘न्गीली ईलि ना इकुमी ना केंडा’.

ज्याला आपली तयारी तपासायची असेल त्याने २,२२२ माणसे मोजून पाहावीत: ‘आंडु न्गीली ईलि ना माआना एलि ना मिओंगो इलि ना एलि’. चारही दोन येथे आले आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या नामाशी जुळला आहे. हे वाक्य न अडखळता म्हणता आले तर किकांबाची संख्यापद्धती अंगवळणी पडली असे खुशाल समजावे.

पैशांच्या व्यवहारात कानावर पडणारा म्बेसा हा शब्द मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही, कारण तो आपल्या पैशाचाच वंशज आहे. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत रुपयाच चलनात होता आणि शिलिंग १९२१ मध्ये आला. केनियात स्वाहिलीतून बोलताना एक लाखाला ‘लाकी’ म्हणतात, तेही हिंदी महासागरावरच्या व्यापाराबरोबर तिकडे गेलेले.

पाचवी पायरी: पहिला, दुसरा, तिसरा

क्रम सांगताना संबंधदर्शक ‘आ’ (आपल्या ‘चा-ची-चे’सारखा) वापरतात आणि तोही नामाच्या वर्गाप्रमाणे वा, या, क्या अशी रूपे घेतो. ‘पहिला’ यासाठी म्बेए हा शब्द आहे, ज्याचा अर्थ पुढचा असा होतो. दोन ते पाच यांना ‘का’ लागतो: केलि, कातातु, काना, कातानो. सहाच्या पुढे संख्या जशीच्या तशी. पहिला दिवस ‘मुथेन्या वा म्बेए’, दुसरी शेळी ‘म्बुई या केलि’, तिसरी वस्तू ‘किंडु क्या कातातु’.

ही पायरी लवकर उपयोगी पडते, कारण महिने आणि बहुतेक वार याच रीतीने सांगतात. म्वाई म्हणजे महिना; जानेवारी हा म्वाई वा म्बेए, फेब्रुवारी म्वाई वा केलि, जुलै म्वाई वा मुओंझा, डिसेंबर म्वाई वा इकुमी ना ईलि. बारा नावे पाठ करण्याऐवजी बारा संख्या आल्या की वर्ष पूर्ण होते.

वारांची गणना सोमवारपासून होते. सोमवार म्हणजे आरंभाचा वार, वा क्वांबिलिल्या. मग मंगळवार वा केलि, बुधवार वा कातातु, गुरुवार वा काना, शुक्रवार वा कातानो, शनिवार वा थांथातु. रविवार तेवढा वा क्यूम्वा या वेगळ्या नावाने ओळखला जातो. येथे स्वाहिली जाणणाऱ्याने फार सावध राहावे. स्वाहिलीत गणना शनिवारपासून होते, म्हणून तेथे तीनचा वार जुमातातु हा सोमवार आहे आणि पाचचा वार जुमातानो हा बुधवार. किकांबात तीनचा वार बुधवार आणि पाचचा वार शुक्रवार. दोन्ही भाषांत तातु आणि तानो स्पष्ट ऐकू येत असल्यामुळे भेटीचा दिवस चुकण्याचा धोका खरा आहे. ठरवताना तारीखही विचारून घ्यावी.

घड्याळाचाही असाच विचार करावा. पूर्व आफ्रिकेत दिवसाची मोजणी सूर्योदयापासून होते. सकाळचे सात हा पहिला तास, आठ हा दुसरा, दुपारचे बारा हा सहावा. तास ऐकू आला की त्यात सहा मिळवावेत. सकाळच्या वेळेला इयाक्वाक्या आणि दुपारनंतरच्या वेळेला इयाविओओ असे जोडून स्पष्ट करतात.

काय मोजावे आणि काय विचारू नये

विसाव्या शतकाच्या आरंभी उकांबानीत राहिलेल्या युरोपीय निरीक्षकांच्या नोंदी मोजणीच्या निषेधाबद्दल एकमेकांशी जुळत नाहीत. एका नोंदीप्रमाणे अकांबा आपली गुरे कधीच मोजत नसत, कारण त्यामुळे कळपावर अरिष्ट येते अशी समजूत होती; संध्याकाळी गुरे परतली की मालक नुसती नजर फिरवून एखादे कमी आहे का ते ओळखत असे, आणि हा निषेध सर्व जिवंत प्राण्यांना, विशेषतः मुलींना, लागू होता. दुसरी नोंद म्हणते की गुरांबाबत असा निषेध दिसत नाही. मात्र आपली मुले किती हे बापाला ठाऊक असले तरी घराबाहेरच्या माणसाला ते सांगणे त्याला आवडत नसे. या जुन्या नोंदींवरून आजच्या कांबा कुटुंबाची वागणूक ठरवणे अन्यायाचे होईल. तरीही लेकुरवाळ्या घरात मुले बोटाने दाखवून मोजू नयेत हा संकोच आपल्याही आजीच्या वागण्यात असतो, त्यामुळे तो समजून घ्यायला मराठी माणसाला कष्ट पडू नयेत. नव्या ओळखीच्या घरी ‘स्याना ईतातु’चा सराव करण्याचा मोह टाळावा. सरावाला स्योंडो आहेत, मिति आहेत, मिथेन्या आहेत. आणि यजमानांनी आपणहून मुलांविषयी सांगितले, तर ती संख्या त्यांच्याच रूपात परत उच्चारून ऐकल्याची पोच द्यावी.